सायटेशन इंडेक्सच्या वाटेला जाताना: नव्या संशोधकासाठी पायरीपायरीने

पदोन्नतीचा अर्ज पहिल्यांदा भरायला बसले तेव्हा त्यात ‘एच-इंडेक्स’ नावाचा एक रकाना होता. मी तीन ठिकाणी बघितलं. एका ठिकाणी ४, दुसऱ्या ठिकाणी ५, तिसऱ्या ठिकाणी ९. माणूस तोच, पेपर तेच, दिवसही तोच. साहजिकच मी ९ लिहून टाकला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘हा ९ कुठला?’ आणि मला सांगता येईना. आकडा खोटा नव्हता. पण तो कोणी काढला, काय काय मोजून काढला, याचा मला पत्ता नव्हता. फजिती झाली ती झाली, पण त्यानंतर मी हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं.

पीएचडीला नुकतेच लागलेले, पहिला-दुसरा पेपर लिहिणारे किंवा अशाच एखाद्या रकान्यापुढे अडकलेले, अशांसाठी हे लिहितेय. विषय कुठलाही असो. सायटेशन म्हणजे एका पेपरने दुसऱ्या पेपरचा दिलेला संदर्भ. सायटेशनच्या आकड्यांवरून माणसं जोखावीत की नाही यावर जगभर वाद चालू आहे आणि त्यात माझंही एक मत आहे, ते वाटेत येईलच. पण वाद मिटेपर्यंत अर्जाची शेवटची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. म्हणून आधी हाताला काम देऊ.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- तुमच्या सगळ्या प्रकाशनांची यादी, प्रत्येकाच्या डीओआयसह. डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा डिजिटल पत्ता. तो पहिल्या पानावर सापडतो.
- तुमचं नाव कुठे कुठे कसं छापलं गेलंय त्याची नोंद. आद्याक्षरं, पूर्ण नाव, बदललेलं आडनाव, सगळं.
- ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक. नसेल तर दुसऱ्या पायरीत काढू.
- संदर्भ सांभाळणारं एखादं सॉफ्टवेअर. मी झोटेरो वापरते, ते फुकट आहे.
- एक साधी स्प्रेडशीट.
- संस्थेच्या ग्रंथालयातून वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या वर्गणीच्या सायटेशन सूच्या उघडत असतील तर उत्तम. नसतील तरी यातलं बरंचसं काम अडत नाही.

## १. ‘इंडेक्स’ या एका शब्दातल्या दोन गोष्टी वेगळ्या करा

निम्मा गोंधळ इथेच आहे. सायटेशन इंडेक्स ही एक सूची आहे: कोणत्या पेपरने कोणत्या पेपरचा संदर्भ दिला याची भलीमोठी नोंदवही. एच-इंडेक्स हा निर्देशांक आहे: त्या नोंदवहीवरून काढलेला एक आकडा. आपल्याकडे सूची आणि निर्देशांक असे दोन चांगले वेगळे शब्द आहेत, पण बोलताना सगळ्यालाच ‘इंडेक्स’ म्हणतो आणि फसतो. ‘माझं जर्नल इंडेक्स्ड आहे’ आणि ‘माझा इंडेक्स सात आहे’ या दोन वाक्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

सूची कशासाठी निघाली हे माहीत असलं की पुढचा वाद समजायला सोपा जातो. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून शेपर्ड्स सायटेशन्स नावाच्या नोंदवह्या निघत. एखादा निकाल पुढे कुठल्या खटल्यात उचलून धरला गेला, कुठे उलटला, हे त्यात बघायचं. नाहीतर वकील कोर्टात मोडीत निघालेला निकाल घेऊन उभा राहायचा. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये लेख लिहून हीच युक्ती विज्ञानासाठी मांडली, आणि १९६४ साली त्यांच्या संस्थेची सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आली. पेपरच्या शेवटी असलेली संदर्भयादी मागे नेते. ही सूची पुढे नेते. १९८० च्या पेपरवर नंतर कोण काय बोललं, ते कळतं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी, हे त्याचं पोटउत्पादन. सूचीत कोणती जर्नल घ्यायची हे ठरवायला गारफिल्ड आणि आयर्व्हिंग शेर यांनी तो वापरला. माणसांना गुण द्यायला तो नव्हताच.

करायचं काय: तुमच्या विषयातला तुम्हाला तोंडपाठ असलेला एक पेपर घ्या. गुगल स्कॉलरवर त्याच्याखाली, त्याचा संदर्भ देणाऱ्या पेपरांची यादी उघडणारा दुवा असतो. तो उघडून पहिले दहा पेपर खरोखर वाचा. निदान जिथे तुम्ही निवडलेल्या त्या पेपरचं नाव आलंय तो परिच्छेद तरी. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहापैकी सहा ठिकाणी तो पेपर प्रस्तावनेतल्या एका लांबलचक कंसात आणखी आठ नावांबरोबर कोंबलेला होता. दोघांनी पद्धत वापरली होती, एकाने चूक दाखवली होती, आणि एकाने पेपरात नसलेलंच काहीतरी त्याच्या नावावर खपवलं होतं. सूचीच्या दृष्टीने हे सगळे दहा सारखेच. हा तासाभराचा उद्योग केल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांकडे वळू नका.

## २. आधी स्वतःचं नाव एका जागी आणा

यंत्राला तुम्ही म्हणजे नावाची अक्षरं. माझे पेपर कधी दोन आद्याक्षरांनी, कधी एकाने, कधी पूर्ण नावाने छापले गेले होते. स्कोपसने त्यावरून माझ्या दोन व्यक्ती केल्या होत्या. एका ‘मी’कडे सहा पेपर, दुसरीकडे तीन. उलट, गुगल स्कॉलरने माझ्याच नावाच्या कोणा कीटकतज्ज्ञाचे चार पेपर माझ्या खात्यात घातले होते. मुलाखतीतल्या त्या ९ मधला काही भाग या किड्यांचा होता, हे मला फार नंतर कळलं.

अ. ऑर्किडच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. फुकट आहे, पाच मिनिटांत सोळा अंकी क्रमांक मिळतो. यापुढे प्रत्येक पेपर पाठवताना तो द्या.

आ. स्कोपसवर लेखक म्हणून स्वतःला शोधा. एकाहून जास्त प्रोफाइल दिसली तर ती एकत्र करण्याची विनंती तिथूनच करता येते.

इ. गुगल स्कॉलरवर प्रोफाइल बनवताना ‘नवे पेपर आपोआप जोडा’ हा पर्याय बंद ठेवा. आपोआप जोडलेल्यांत परक्याचं काय काय येईल सांगता येत नाही.

ई. आपले नसलेले पेपर काढून टाका. आकडा उतरतो तेव्हा जरा टोचतं. टोचू द्या.

## ३. तीन ठिकाणी तीन आकडे का येतात

प्रत्येक नोंदवही वेगळ्या गोष्टी नोंदवते, एवढंच त्याचं उत्तर.

वेब ऑफ सायन्स ही गारफिल्डच्या सूचीची वारसदार. आज ती क्लॅरिव्हेट या कंपनीची आहे. निवडक जर्नल, कडक चाळणी, म्हणून आकडे कमी. स्कोपस ही एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीची, २००४ सालची, जरा जास्त रुंद. गुगल स्कॉलरही २००४ चंच. ते प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधीच खुले केलेले मसुदे), परिषदांचे कागद, जे सापडेल ते उचलतं आणि नेमकं काय उचललं याची यादी देत नाही. म्हणून तिथला आकडा बहुधा सगळ्यांत मोठा असतो. ओपनअ‍ॅलेक्स ही २०२२ साली, मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक बंद पडल्यावर, आलेली खुली सूची आहे. तिचा सगळा डेटा कोणालाही उतरवून घेता येतो.

आता वादाचा गाभा. संशोधक पेपर लिहितात, संदर्भयादीही तेच बनवतात, आणि ‘कोणी कोणाचा संदर्भ दिला’ ही माहिती परत विकत घ्यायची. ज्या कंपनीची सूची तीच जर्नलही छापते असंही होतं. हे खटकणाऱ्यांनी २०१७ साली खुल्या सायटेशनसाठी मोहीम काढली. प्रकाशक डीओआय नोंदवताना क्रॉसरेफ या डीओआय नोंदणाऱ्या संस्थेकडे संदर्भयाद्या देत, पण अनेकजण त्या कुलपात ठेवत. मोहिमेने ती कुलपं एकेक करून उघडायला लावली. एल्सव्हिअरने बराच काळ दाद दिली नाही, मग २०२१ च्या सुमाराला तेही आले. २०२२ पासून क्रॉसरेफकडे आलेले सगळे संदर्भ खुलेच असतात. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाने २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणीच बंद केली आणि खुल्या साधनांकडे मोर्चा वळवला.

कंपन्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो मला पोकळ वाटत नाही: चाळणी लावायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो, आणि खुल्या सूच्यांत आजही घाण जास्त येते. ओपनअ‍ॅलेक्समध्ये माझाच एक पेपर दोनदा दिसला, एकदा प्रीप्रिंट म्हणून आणि एकदा छापील. पण तिथली चूक मला दिसली तरी. बंद सूचीतली चूक दाखवायला आधी दार उघडावं लागतं.

मानव्यविद्यावाल्यांनी इथे एक गोष्ट गाठीशी बांधावी. तुमचं काम पुस्तकात असेल किंवा इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत असेल, तर या सूच्यांत ते अर्धंमुर्धं दिसेल किंवा दिसणारच नाही. याच कारणाने ब्राझीलमधून १९९८ च्या सुमाराला सायएलोचं जाळं उभं राहिलं, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जर्नलांसाठी. तुमचा आकडा शून्य असेल तर ‘या सूचीत माझ्या विषयाची जर्नल नाहीत’ असं अर्जात लिहायला लाजू नका.

करायचं काय: स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: पेपर, आणि तीन सूच्यांतला प्रत्येकाचा आकडा. वर तारीख टाका. फरक मोठा असेल तिथे दुवा उघडून बघा की जास्तीचे कोण आहेत.

## ४. दोन हिशेब एकदा हाताने करा

इम्पॅक्ट फॅक्टर. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ६० निबंध छापले. २०२४ मध्ये या शंभर निबंधांचा संदर्भ २३० वेळा दिला गेला. २३० भागिले १०० म्हणजे २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.३. झालं. यात दोन खाचा आहेत. संपादकीयं, पत्रं वगैरे भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन वरच्या आकड्यात धरली जातात. आणि ही सरासरी आहे. शंभरातल्या दहा पेपरांनी बहुतेक सायटेशन खेचलेली असतात आणि बाकीचे शून्य-एकवर असतात.

सरासरी काय थराला जाते याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिकाच्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास असे. २००९ मध्ये तो एकदम ४९.९२६ झाला. जर्नलात क्रांती वगैरे झाली नव्हती. २००८ मध्ये तिथे शेलएक्स या संगणक-आज्ञावल्यांच्या इतिहासावर एक लेख आला होता आणि स्फटिकरचना काढणारा जो तो आपल्या पेपरात त्याचा संदर्भ देत होता. दोन वर्षांची खिडकी सरली, तो लेख हिशेबातून बाहेर गेला, आणि २०११ मध्ये आकडा परत दोनवर. त्या काळात तिथे छापून आलेल्या बाकीच्यांचं काम पंचवीसपट चांगलं झालं होतं का?

एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. तुमचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: २५, १४, ९, ६, ५, ५, २, ०. आता खाली उतरा. पाचव्या पेपरला ५ आहेत, सहाव्याला ६ नाहीत. म्हणून एच ५. पहिल्या पेपरला उद्या २५ चे २५०० झाले तरी एच ५ च राहील. शिवाय नोंदी साफ असतील तर हा आकडा कधी खाली येत नाही. माणसाने काम सोडलं तरी वाढत राहतो. पंचविशीतल्या मुलीची आणि निवृत्तीला टेकलेल्या प्राध्यापकांची एच-इंडेक्सवर तुलना करणं म्हणजे कोणी किती पावसाळे पाहिले हे मोजणं.

साइटस्कोअर हा इम्पॅक्ट फॅक्टरचा स्कोपसवाला चुलतभाऊ: चार वर्षांतले दस्तऐवज, त्याच चार वर्षांतली सायटेशन. इम्पॅक्ट फॅक्टरशी त्याची थेट तुलना करू नका, खिडकीच वेगळी आहे.

## ५. विषयाबाहेर तुलना नको

गणितात संदर्भयाद्या आखूड असतात आणि पेपर वर्षानुवर्षं मुरतात. जीववैद्यकात याद्या लांब आणि घाई जास्त. एकीकडे २० सायटेशन म्हणजे मोठी गोष्ट, दुसरीकडे कोणी ढुंकून बघणार नाही. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशनवाल्या १०० पेपरांची यादी काढली तेव्हा सगळ्यांत वर होता प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा १९५१ चा पेपर, तीन लाखांहून जास्त सायटेशनसह. डीएनएची दुहेरी वेटोळी रचना सांगणारा १९५३ चा पेपर पहिल्या शंभरात नव्हता. पद्धतीचं नाव घ्यावंच लागतं. डीएनएची रचना पाठ्यपुस्तकात गेली की तिचा संदर्भ कोण देतो?

तुलना करायचीच वेळ आली तर विषय आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेले निर्देशांक किंवा शतमक वापरा. तुमचा पेपर त्या विषयातल्या, त्या वर्षीच्या पेपरांत वरच्या किती टक्क्यांत आहे, एवढं सांगितलेलं बरं.

## ६. जर्नल निवडताना: ‘इंडेक्स्ड’ या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका

इथे पैसे आणि पेपर दोन्ही जातात, म्हणून जरा सावकाश.

माझ्या एका मित्राला मेल आला. जर्नलचं नाव जुनं आणि खरं, आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) खरा, संकेतस्थळ झकास, खाली स्कोपसचं चिन्ह. पेपर दहा दिवसांत स्वीकारला, पैसे भरले. महिन्याभराने कळलं की खरं जर्नल दुसरीकडेच आहे आणि हे त्याचं सोंग. अशा जर्नलांना ‘हायजॅक्ड’ म्हणतात. त्याचा पेपर ना इकडचा राहिला ना तिकडचा, कारण एकदा छापल्यावर दुसरीकडे देता येईना.

तपासणीचा क्रम असा ठेवा:

1. नावाने नाही, आयएसएसएनने शोधा. सारख्या नावांचा बाजार मोठा आहे.
2. क्लॅरिव्हेटची जर्नलांची मास्टर यादी आणि स्कोपसची स्रोतयादी वर्गणीशिवाय बघता येतात. जर्नलच्या संकेतस्थळावरचं चिन्ह पुरावा धरू नका.
3. स्कोपसमध्ये नोंद सापडली तरी कोणत्या वर्षापर्यंतची ते बघा. नोंद असते, पण ‘२०२१ पर्यंत’ असते. यादीतून बाद केलेली जर्नल ‘स्कोपस इंडेक्स्ड’ म्हणून जाहिरात करत राहतात.
4. जर्नलच्या संकेतस्थळावर मेलमधल्या दुव्याने जाऊ नका. सूचीतल्या नोंदीवरून जा आणि पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा.
5. ताज्या अंकातले दोन डीओआय प्रत्यक्ष उघडून बघा.
6. इम्पॅक्ट फॅक्टर सांगितला असेल तर कोणाचा ते विचारा. ‘जागतिक’, ‘वैश्विक’, ‘शास्त्रीय’ अशी विशेषणं लावलेले बनावट फॅक्टर विकत मिळतात. मूळचा तो फक्त क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला, आणि २०२३ पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जातो. ताज्या वर्षाचा म्हणून कोणी ‘५.८३७’ सांगत असेल तर तिथेच संशय घ्या.

आणि हे सगळं करूनही जर्नल उद्या यादीतून निघू शकतं. २०२३ च्या मार्चमध्ये क्लॅरिव्हेटने एका झटक्यात ५० हून अधिक जर्नल काढली. ईलाइफ या जीवविज्ञानाच्या जर्नलची कथा वेगळी आहे: त्यांनी ‘स्वीकारले-नाकारले’ हा शिक्काच बंद करून समीक्षणं पेपरसोबत छापायला सुरुवात केली, आणि त्यावरून २०२४ च्या अखेरीस त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला. फसवणूक काहीच नव्हती, फक्त रीत निराळी होती. म्हणून यादी आणि दर्जा एकच मानू नका. पेपर पाठवला त्या दिवशीची सूचीतली नोंद मात्र पीडीएफ करून ठेवा.

## ७. सायटेशनची मागणी आणि सायटेशनचा धंदा

आकड्यावर नोकरी अवलंबून असली की आकडा वाढवायचे मार्ग निघतातच. सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ‘आयक अँटकारे’ नावाचा माणूस जन्माला घातला. यंत्राने लिहिलेले शंभरेक निरर्थक पेपर, सगळे एकमेकांचा संदर्भ देणारे. गुगल स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स ९४ झाला. २०२४ मध्ये तर लॅरी नावाच्या मांजराच्या नावे १२ पेपर टाकले गेले आणि बनावट संदर्भांच्या जोरावर त्यांना एकूण १३२ सायटेशन मिळाली. मांजराला याचं काही सोयरसुतक नसावं.

हे गमतीचं. तुमच्यावर येणारा प्रसंग कमी गमतीचा असतो. माझ्या तिसऱ्या पेपरवर समीक्षकाने सात पेपर ‘आवर्जून वाचावेत’ म्हणून दिले; पाच एकाच लेखकाचे. तो लेखक कोण असणार हे सांगायला नको. मी घाबरून सातही घातले. ते आजही त्या यादीत आहेत आणि त्यातल्या पाचांचा माझ्या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. आज मी संपादकांना असं लिहीन:

‘सुचवलेल्या सात निबंधांपैकी दोन थेट संबंधित असल्याने समाविष्ट केले आहेत. उरलेल्या पाचांचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध आम्हांला आढळला नाही. संपादकांना तो दिसत असल्यास कृपया कळवावे, आम्ही पुन्हा विचार करू.’

असं लिहून पेपर नाकारला गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मागणी खुद्द संपादकाकडून, ‘आमच्या जर्नलातले संदर्भ वाढवा’ अशी आली, तर मात्र पेपर मागे घ्यायची तयारी ठेवा.

स्वतःचे जुने पेपर उद्धृत करणं गुन्हा नाही. मालिकेतलं काम असेल तर करावंच लागतं. कसोटी सोपी आहे: तो संदर्भ काढला तर वाचकाचं काही अडतं का? ‘तू माझे दे, मी तुझे देतो’ या गटात मात्र शिरू नका. सूचीवाले असे नमुने शोधतात आणि त्यात सापडलेल्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर त्या वर्षी रोखून धरतात.

## ८. तुमची संदर्भयादी तुम्हीच तपासा

आपण सायटेशन देणारेही असतो, हे विसरायला होतं. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्यानंतरही त्याचे संदर्भ दिले जातात; पुष्कळसे टीका म्हणून, पण काही अजून भोळेपणाने. शेपर्ड्सच्या नोंदवहीने ज्या चुकीपासून वकिलांना वाचवलं तीच ही चूक.

झोटेरोमध्ये मागे घेतलेल्या पेपरवर आपोआप लाल इशारा येतो. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा विदासंच २०२३ पासून क्रॉसरेफने खुला केला आहे, तिथेही बघता येतं. एआयकडून संदर्भ मागितले असतील तर प्रत्येक डीओआय उघडा. नाव, वर्ष, जर्नल सगळं पटण्यासारखं आणि पेपर अस्तित्वातच नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

## ९. अर्जातला रकाना

आता मूळ दुखण्याकडे. रकाना आहे, भरायचा आहे.

आकडेवाल्यांचं एक म्हणणं ऐकण्यासारखं आहे: आकडा नसेल तर वशिला उरतो. ओळखीपाळखीवर नेमणुका होणाऱ्या जागी ‘माझं काम इतक्या लोकांनी वापरलंय’ असं एखाद्या परक्या उमेदवाराला दाखवता येणं ही छोटी गोष्ट नाही. मला हे पटतं. पण त्यासाठी त्याच्या पेपरांची सायटेशन लागतात. ज्या जर्नलात पेपर आला त्याची सरासरी कशाला? २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-प्रकाशकांनी याच मुद्द्यावर डोरा हा जाहीरनामा तयार केला: जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर व्यक्तीच्या मूल्यमापनात वापरू नका. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यातली दहा तत्त्वं जरा मवाळ आहेत. आकडे तज्ज्ञांच्या निर्णयाला आधार म्हणून असावेत, त्याच्या जागी नव्हे, असं ती सांगतात. तुम्ही अर्ज करताय त्या संस्थेने डोरावर सही केली आहे का, हे डोराच्या संकेतस्थळावर बघा. केली असेल तर अर्जात इम्पॅक्ट फॅक्टर मिरवू नका, उलटं पडू शकतं.

आकडा लिहाल तेव्हा असा लिहा: ‘एच-इंडेक्स ५, स्कोपस, अमुक तारखेस पाहिला, स्वतःची सायटेशन वगळून ४.’ नुसता ‘९’ नाही. त्याच्याखाली, जागा असेल तर, दोन-तीन पेपरांबद्दल प्रत्येकी दोन वाक्यं. ‘या पेपरातली मोजणीची पद्धत नंतरच्या तीन स्वतंत्र गटांनी वापरली; त्यांपैकी एकाने तिची मर्यादा दाखवली, ती आम्ही पुढच्या पेपरात दुरुस्त केली.’ हे लिहिता येतं ते पहिल्या पायरीतल्या त्या तासाभराच्या वाचनामुळे.

अर्जाच्या फाइलमध्ये ठेवायचं:

- प्रत्येक सूचीतल्या प्रोफाइलचं तारखेसह छायाचित्र
- प्रकाशनांची यादी, डीओआय आणि ऑर्किडसह
- जर्नल सूचीत असल्याचा पुरावा, पेपर पाठवला आणि छापला त्या दोन्ही वेळचा
- सूचीत न येणारं काम: पुस्तकं, अनुवाद, डेटा, आज्ञावली
- दोन-तीन निवडक पेपरांची वरच्यासारखी टिपणं

पुढच्या मुलाखतीला मी ९ च्या जागी ५ लिहिला. ‘कमी झाला की काय?’ असं एकाने हसत विचारलं. मी स्प्रेडशीट काढून पुढे सरकवली आणि कीटकतज्ज्ञाचे चार पेपर दाखवले. मग बराच वेळ किड्यांवरच बोलणं झालं.